एकशे बासष्ट ओळींची वही

२०२२ च्या एप्रिलमध्ये बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आले, तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, गोडा मसाला आणि कपडे यांच्याबरोबर एक दोनशे पानी आखीव वही होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली होती, परंतु १ जून उजाडला की रोज सकाळी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणी पडलेला पाऊस आणि कोयना धरणातील साठा वहीत लिहून ठेवण्याची त्यांची सवय सुटलेली नव्हती. नोकरीत असताना ते आकडे कचेरीतून मिळत, नंतर ते वर्तमानपत्रातून उतरवून घेत. सिअ‍ॅटलजवळच्या या गावात बसून त्यांना तो पाऊस फोनवर सहज मिळाला असता, पण जो पाऊस खिडकीतून दिसत नाही तो लिहिण्यात त्यांना स्वारस्य वाटेना. ती वही शेवटी सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाच्या कामी आली, आणि एका संघाचा हंगाम शेवटच्या दिवसापर्यंत कसा पाहावा हे मला त्या वहीमुळे कळले.

मी २०११ मध्ये येथे आले. क्रिकेट पाहत वाढल्यामुळे बेसबॉलचे नियम समजायला वेळ लागला नाही, मात्र त्याचा हंगाम समजायला फार वेळ लागला. एका संघाने सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे, म्हणजे जवळजवळ रोज एक. चांगला संघही त्यातले साठ-पासष्ट सामने हरतो. एखादा पराभव मनाला लावून घ्यायचा, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढचा सामना उभा असतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये मरिनर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फेलिक्स हर्नांडेझ याने टॅम्पा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटरना एकदाही बेसवर न पोहोचू देता सामना जिंकला, त्या दिवसापासून मी या संघाची झाले. त्याच वेळी ऑफिसमधील जुन्या सहकाऱ्यांनी मला जरा सबुरीने घेण्यास सांगितले होते, कारण मरिनर्स २००१ नंतर एकदाही हंगामोत्तर फेरीत, म्हणजे १६२ सामन्यांनंतर विजेतेपदासाठी होणाऱ्या फेरीत, पोहोचले नव्हते. २००१ मध्ये याच संघाने ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, इचिरो सुझुकीचे ते अमेरिकेतील पहिले वर्ष होते, आणि त्यानंतर मात्र वीस हंगाम कोरडे गेले. उत्तर अमेरिकेतील चारही मोठ्या व्यावसायिक खेळांत त्या वेळी इतकी लांब प्रतीक्षा दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नव्हती.

२०१४ मध्ये शेवटच्या दिवशी एका सामन्याने संधी गेली. २०२१ मध्ये ९० विजय मिळवूनही शेवटच्या दिवशीच ती गेली. ३ ऑक्टोबर २०२१ च्या त्या दुपारी मी मैदानात होते. अकरा वर्षे याच संघात खेळलेल्या काइल सीगरला नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात मैदानाबाहेर बोलावले, तेव्हा सर्व प्रेक्षक उभे राहिले, खेळाडू डोळे पुसत होते आणि माझा दहा वर्षांचा मुलगा मला विचारत होता की आपण हरत असताना सगळे टाळ्या का वाजवत आहेत. मला त्या वेळी त्याला नीट उत्तर देता आले नाही.

म्हणून २०२२ च्या १९ जूनला संघ २९ विजय आणि ३९ पराभव अशा अवस्थेत आला, तेव्हा मी जेवताना सहज म्हणून गेले की यंदाचाही हंगाम संपला. बाबांनी विचारले, “किती सामने राहिलेत?” मी हिशेब करून सांगितले, चौऱ्याण्णव. ते म्हणाले, “चौऱ्याण्णव राहिले असताना संपला कसा म्हणतेस? जूनमध्ये धरण रिकामंच असतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही काढली, पट्टीने उभे रकाने पाडले, १६२ ओळींना क्रमांक दिले, आणि नातवाला शेजारी बसवून आधीचे अडुसष्ट निकाल संघाच्या संकेतस्थळावरून एकेक करून उतरवून काढले. तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, त्या दिवसअखेरचे एकूण विजय आणि एकूण पराभव, असे पाच रकाने होते. त्यात खेळाडूंची नावे नव्हती.

त्यानंतर जे घडले ते या संघाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या पंचवीस सामन्यांपैकी बावीस मरिनर्सनी जिंकले, त्यातले शेवटचे चौदा सलग. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सुट्टी, म्हणजे हंगामामधली छोटी सुट्टी, लागली, तेव्हा वहीत ५१-४२ असा आकडा होता. बाबांना मात्र त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. जुलैत असा आठवडा येतोच, असे ते म्हणाले, आणि असा आठवडा आला म्हणून लगेच धरण भरले असे कोणी समजत नाही, हेही त्यांनी जोडले. जुलैच्या शेवटी संघाने सिनसिनाटीकडून लुईस कास्तियो हा पिचर आणला. ९ ऑगस्टला त्याने न्यूयॉर्क यँकीजना आठ डावांत एकही धाव दिली नाही, समोरून गेरिट कोलनेही आम्हाला काही दिले नाही, आणि बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्यात तेराव्या डावात मरिनर्स १-० ने जिंकले. त्या रात्री बाबांनी पहिल्यांदाच ओळीच्या कडेला पेन्सिलीने एक छोटी खूण केली. विचारल्यावर म्हणाले, हा पुन्हा वाचायचा.

सप्टेंबर लागल्यावर पाहण्याची रीतच बदलते, आणि मला खरे सांगायचे आहे ते याबद्दलच. एप्रिल ते ऑगस्ट आपण आपल्या संघाचा सामना पाहतो. सप्टेंबरमध्ये आपल्या सामन्याच्या जोडीने इतर तीन-चार सामन्यांवर नजर ठेवावी लागते, आणि नकळत आपला सामना हा त्या बेरीज-वजाबाकीतील एक पद होऊन बसतो.

त्या वर्षीची व्यवस्था नवी होती. दोन लीगपैकी आमच्या, म्हणजे अमेरिकन लीगमधील पंधरा संघांतून सहा संघ पुढे जाणार होते: तीन विभागांचे तीन विजेते आणि उरलेल्यांत ज्यांची कामगिरी सर्वोत्तम असेल ते तीन. या दुसऱ्या तिघांना वाइल्ड कार्ड म्हणतात. आमच्या विभागात ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज फार पुढे निघून गेले होते, त्यामुळे आमचा मार्ग वाइल्ड कार्डचाच होता. त्या तीन जागांसाठी टोरोंटो ब्लू जेज, टॅम्पा बे रेज आणि आम्ही पुढे होतो, आणि मागून बाल्टिमोर ओरिओल्स येत होते. आदल्या वर्षी ११० सामने हरलेला हा बाल्टिमोरचा संघ नव्या दमाच्या पोरांच्या बळावर अचानक उभा राहिला होता.

वर्तमानपत्रातील तक्त्यात कोण किती सामने मागे आहे हे छापतात, आणि त्यात अनेकदा अर्धा सामना असतो. बाबांना तो अर्धा मान्य होईना. अर्धा सामना कोण खेळतो, असा त्यांचा प्रश्न होता. मी समजावले की दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे. एका संघाचा एक सामना कमी झालेला असला की अर्धा उरतो. त्यांनी ते तीन-चार वेळा कागदावर करून पाहिले आणि मग त्यांना ते पटले. पण या आकड्यापेक्षा त्यांना दुसरा आकडा अधिक आवडला. त्याला येथे मॅजिक नंबर म्हणतात. १६३ मधून आपले विजय वजा करायचे, मग पाठलाग करणाऱ्या संघाचे पराभव वजा करायचे. जे उरेल तितके आपले विजय किंवा त्यांचे पराभव, दोन्ही मिळून, झाले की आपली जागा नक्की. पूर्वी दोन संघ बरोबरीत राहिले तर एक जादा सामना खेळवत. २०२२ पासून तो बंद झाला आणि दोघांमधील वर्षभरातील सामन्यांत ज्याची सरशी झाली असेल तो पुढे, असा नियम आला. बाल्टिमोरविरुद्ध आमची सरशी झालेली होती, त्यामुळे आमचा आकडा आणखी एकाने कमी धरायचा होता. बाबांनी वहीच्या उजव्या समासात तांबड्या शाईचा सहावा रकाना पाडला.

११ सप्टेंबरच्या रविवारी मी, बाबा आणि मुलगा सामना पाहायला गेलो. बेलव्ह्यूहून ५५० क्रमांकाची बस त्या वेळी सरोवरावरील पूल ओलांडून चायनाटाऊनजवळ सोडत असे, तेथून मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. आदल्या दिवशी डोंगरात बोल्ट क्रीकचा वणवा पेटला होता आणि शहरावर धुराचे सावट होते, त्यामुळे बाबांना मी मुद्दाम मास्क लावायला लावला. टी-मोबाइल पार्कच्या अगदी अंगाला लागून रेल्वेचे रूळ जातात. मालगाडी भोंगा वाजवत गेली की तो भोंगा सामना ऐकणाऱ्यांना रेडिओवरही ऐकू येतो. कराड स्टेशनजवळ जन्म गेलेल्या माझ्या वडिलांना मैदानातील सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर तो भोंगा.

प्रतिस्पर्धी होते आदल्या वर्षीचे विश्वविजेते अटलांटा ब्रेव्ह्ज. आठ डाव संपले तेव्हा आम्ही ६-२ ने पुढे होतो आणि आजूबाजूचे काही लोक गर्दी टाळण्यासाठी उठू लागले होते. नवव्या डावात अटलांटाने पाच धावा काढल्या. माझ्या पोटात खड्डा पडला. आमची शेवटची पाळी आली, समोर केन्ली जॅन्सन, म्हणजे शेवटचा डाव बंद करण्यातच ज्याची कारकीर्द गेली असा पिचर. हुलियो रॉड्रिगेझ हा एकवीस वर्षांचा मुलगा, त्याचे हे पहिलेच वर्ष, त्याने होम रन मारून बरोबरी केली. त्याच डावात युहेनियो सुआरेझचा चेंडू मैदानाबाहेर गेला आणि आम्ही ८-७ ने जिंकलो. मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. बाबा खाली बसूनच होते, कारण त्यांच्या मांडीवर वही होती आणि ती खाली पडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. परत येताना बसमध्ये अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत होती. एका वयस्क बाईंनी बाबांना विचारले की तुम्ही किती वर्षांपासून पाहता, आणि बाबांनी माझ्यामार्फत उत्तर दिले, “जूनपासून.” त्या बाई १९७७ पासून, म्हणजे संघ स्थापन झाला त्या वर्षापासून पाहत होत्या. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला.

एवढा सामना जिंकल्यावर पुढचा प्रवास सुखाचा होईल असे मी धरून चालले होते. सप्टेंबरच्या मध्यावर संघ दहा सामन्यांच्या दौऱ्यावर निघाला: चार लॉस एंजेलिस एंजल्सशी, तीन ऑकलंडशी, तीन कॅन्सस सिटी रॉयल्सशी. तिन्ही संघांच्या पदरात त्या वर्षी पराभवच अधिक पडलेले होते. ऑकलंड तर हंगामाअखेर १०२ सामने हरले. वेळापत्रक पाहून मी मनात सात विजय धरले होते. प्रत्यक्षात आम्ही तीन जिंकले आणि सात हरलो. सुआरेझचे बोट मोडले, रॉड्रिगेझची पाठ धरली आणि दोघेही खेळण्याजोगे राहिले नाहीत. पाच महिन्यांहून अधिक काळ खेळून थकलेल्या पिचरांच्या हातातून चेंडू सरळ यायला लागले. १ सप्टेंबरपासून संघात सव्वीसऐवजी अठ्ठावीस खेळाडू ठेवता येतात, पण ज्यांच्या जिवावर संघ तेथवर आला त्यांची उणीव दोन जादा माणसांनी भरून निघत नाही.

त्या दहा दिवसांत माझी जी अवस्था झाली ती मला आवडली नाही. सकाळी उठल्या उठल्या मी बाल्टिमोरचा निकाल पाहत असे. दुपारी ऑफिसच्या बैठकीत, पूर्वेकडील सामने सुरू झाले की, फोन टेबलाखाली धरून त्यांच्या पिचरचे चेंडू मोजत असे. ज्या संघाशी माझे काही वैर नाही, ज्याची तरुण मुले शून्यातून वर आली आहेत, त्याने हरावे असे मी दिवसभर इच्छित होते, आणि संध्याकाळी आमचा सामना सुरू होईपर्यंत माझ्यातील निम्मे लक्ष संपून गेलेले असे. एकदा ऑकलंडविरुद्धचा सामना चालू असताना मी एकामागून एक तीन डाव पाहिले आणि त्यात काय झाले हे मला सांगता आले नाही. बाबांनी ते टिपले. ते म्हणाले, “तू आकडा बघतेस, खेळ बघत नाहीस. आकडा सकाळी बघायचा असतो, एकदाच.” आम्ही लहान असताना ते धरणाचा साठा दिवसातून एकदाच का लिहीत आणि सायंकाळी विचारले तर “उद्या सकाळी” असे का म्हणत, ते मला तेव्हा उमगले. पुरात कचेरीत रात्र काढायची वेळ येई तेव्हा तासातासाला पातळी पाहत, पण एरवी नाही. मी त्या दिवसापासून फोनमधील सूचना बंद केल्या आणि सकाळच्या चहाला एकदाच वहीतील तांबडा रकाना पाहण्याचे ठरवले.

२५ सप्टेंबरला सर्वपित्री अमावस्या होती. आईला जाऊन त्या वेळी सहा वर्षे झाली होती. मी खीर, वडे, भाजी, आमसुलाची चटणी असा स्वयंपाक केला आणि बाबांनी मागच्या अंगणातील कठड्यावर पान ठेवले. या भागात कावळ्यांची वाण नाही, पान ठेवायचा अवकाश, की कावळा आला. कॅन्सस सिटीमधील सामना आमच्याकडे सकाळीच सुरू झाला होता, आणि आम्ही पानांवर बसलो तेव्हा मरिनर्स ११-२ ने पुढे होते. दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून आम्ही जेवलो. जेवणे उरकेपर्यंत सहाव्या डावात रॉयल्सनी अकरा धावा काढल्या होत्या. आम्ही १३-१२ ने हरलो. नऊ धावांची आघाडी अशी गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मुलगा उठून आपल्या खोलीत गेला. बाबांनी हात धुतले, चष्मा पुसला, १५२ क्रमांकाच्या ओळीत निकाल लिहिला आणि मग तांबड्या रकान्याचा हिशेब केला: आमचे ८३ विजय, बाल्टिमोरचे ७३ पराभव, १६३ मधून दोन्ही वजा, उरले सात, बरोबरीच्या नियमाचा एक वजा, सहा. दहा सामने शिल्लक होते. त्यांनी सहाचा आकडा नेहमीइतक्याच आकाराचा काढला. त्या दिवशी ती गोष्ट मला फार आधाराची वाटली.

बाबांचे परतीचे तिकीट २८ तारखेचे होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी येथील शेवटचा सामना पाहिला, टेक्सस रेंजर्सविरुद्ध, आणि त्यात आम्ही हरलो. घटस्थापना होऊन दुसरा दिवस होता. देवापुढे समई तेवत होती आणि बाबांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. वही अजून बाहेर होती. बोस्टनमध्ये बाल्टिमोरही हरल्याचे कळले, त्यामुळे आम्ही हरूनही सहाचे पाच झाले. मला तो आकडा घ्यायला संकोच वाटत होता, जणू न कमावलेले पैसे घ्यावेत तसा. बाबा म्हणाले, “धरणावर थेंब पडला नाही, तरी नवजाला पडला की साठा वाढतोच. पाणी कुठून आलं ते धरण विचारत नाही.” मग त्यांनी वही कपड्यांत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवली.

ते विमानात असताना आम्ही टेक्ससला हरवले आणि बाल्टिमोर पुन्हा हरले. पाचाचे तीन झाले. २९ तारखेचा सामना अकरा डावांपर्यंत लांबला आणि जे. पी. क्रॉफर्डच्या फटक्यावर आम्ही तो १०-९ ने जिंकला. त्या वेळी बाबा मुंबईहून कराडच्या रस्त्यावर होते. बाल्टिमोर त्याही दिवशी बोस्टनमध्ये हरले होते. त्यामुळे तांबड्या रकान्यात एक राहिला. रात्री मी तो आकडा त्यांना फोनवर सांगितला नाही, कारण सकाळी ते स्वतःच मांडतील हे मला ठाऊक होते.

३० सप्टेंबरचा शुक्रवार. प्रतिस्पर्धी ऑकलंड. मुलगा आणि मी वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागांवर होतो. मैदान काठोकाठ भरले होते. बाल्टिमोर त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये खेळत होते आणि तो सामना आमच्या आधी सुरू झालेला होता. ते हरले असते तर आमचा सामना अर्ध्यावर असतानाच सारे निश्चित झाले असते, आणि लोक फोन पाहून एकमेकांना निकाल सांगत होते. बाल्टिमोर २-१ ने जिंकले. माझ्या शेजारचा माणूस हळहळला. मला मात्र, आधीच्या आठवड्यात जे वाटले असते त्याच्या अगदी उलट, बरे वाटले. आता कोणाच्या पराभवाची वाट पाहायची नव्हती. जे व्हायचे ते समोरच्या हिरवळीवर होणार होते आणि मला फक्त तेच पाहायचे होते.

लोगन गिल्बर्टने आठ डाव टाकले आणि एकच धाव दिली. आम्हीही पहिल्या डावातील एका धावेवर अडकून बसलो होतो. १-१ अशी ती कोंडी सुटता सुटत नव्हती. नवव्या डावात ऑकलंडला काही मिळाले नाही. आमची पाळी सुरू झाली तेव्हा मी बाबांना फोन लावला. कराडला शनिवारची सकाळ होती, साडेबारा तासांच्या फरकाने तेथे दहा वाजून गेले होते. ते ओसरीवर बसून फोनवर सामन्याचा लेखी धावता वृत्तांत पाहत होते आणि दुसऱ्या फोनवर माझ्याशी बोलत होते. तिघे बाद झाले की डाव संपतो, त्यातले दोन बाद झाले. लुईस टोरेन्सच्या जागी कॅल रॉलीला पाठवण्यात आले. हा आमचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा, हाताचा अंगठा दुखावलेला असताना खेळत होता, तो किती दुखावलेला होता हे आम्हाला नंतर कळले. डॉमिंगो अ‍ॅसेव्हेडोचे चेंडू एकेक करत तीन बॉल आणि दोन स्ट्राइक, म्हणजे आता कोणालाच चूक परवडणार नाही, असे झाले. चव्वेचाळीस हजारांहून अधिक माणसे उभी होती आणि चेंडू सुटण्याच्या आधीच्या क्षणी इतकी शांतता झाली, की मला माझ्या मुलाचा श्वास ऐकू आला.

चेंडू उजवीकडे फार उंच गेला. तो रेषेच्या आत राहतो की बाहेर जातो हे आमच्या जागेवरून कळत नव्हते, म्हणून मी चेंडूकडे न पाहता रॉलीकडे पाहिले. तो जागच्या जागी थांबून त्याच दिशेला पाहत होता. मग त्याने दोन्ही हात वर केले. उजव्या कोपऱ्यातील उपाहारगृहाच्या भिंतीवर चेंडू आदळला होता.

माझ्या हातात फोन होता आणि मी त्यात काहीतरी ओरडत होते. पलीकडून बाबांचा आवाज आला, “थांब, सांगू नकोस. इथं अजून तीन-दोनच दाखवतंय.” मैदानातील गर्जना त्यांना ऐकू येत असणारच. तरीही त्यांना ते आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते, म्हणून मी गप्प राहिले आणि फोन उंच धरला. मुलगा मला मिठी मारून रडत होता. आदल्या वर्षी याच मैदानात जे टाळ्या वाजवत होते त्यांतले कित्येकजण आज आमच्याभोवती असणार, आणि तेव्हाच्या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याने आता मला विचारले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मी फोन कानाला लावला. बाबा म्हणाले, “आलं.” आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यानंतर हंगामाचे सहा सामने उरले होते. वर्षाच्या सुरुवातीला मालक आणि खेळाडू यांच्या करारावरून टाळेबंदी झाली होती, खेळ उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात एकाच दिवशी डेट्रॉइटशी दोन सामने ठेवावे लागले. जागा निश्चित झाल्यावर हे सहा सामने कोणी मनापासून पाहात नाही, असे येथे म्हणतात. आम्ही सगळे पाहिले. ५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, हंगाम ९० विजय आणि ७२ पराभव असा संपला, म्हणजे आदल्या वर्षी जेवढ्यावर आम्ही बाहेर पडलो होतो नेमका तेवढाच. संध्याकाळी आपट्याऐवजी अंगणातील मेपलची पाने एकमेकांना देऊन झाली, तोच कराडहून वहीच्या पानाचे छायाचित्र आले. तेथे दुसरा दिवस उजाडला होता. १६२ वी ओळ भरलेली होती, तांबड्या रकान्यात ३० सप्टेंबरपासून शून्य होते, आणि पुढच्या कोऱ्या पानावर बाबांनी पट्टीने नवे रकाने पाडले होते. पुढे किती सामने खेळायला मिळतील हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यांनी पान भरून ओळी आखल्या होत्या.

त्यांतल्या पाच भरल्या. दोन टोरोंटोच्या, दोन्ही जिंकलेल्या. दुसऱ्या सामन्यात ८-१ ने मागे पडूनही संघ १०-९ ने जिंकला. तीन ह्यूस्टनच्या, तिन्ही हरलेल्या. शेवटचा, १५ ऑक्टोबरचा, एकवीस वर्षांनी सिअ‍ॅटलमध्ये झालेला हंगामोत्तर सामना अठरा डाव चालला, सहा तास बावीस मिनिटे, आणि आम्ही तो १-० ने गमावला. बाबांनी प्रत्येक डावाचा आकडा वेगळा लिहायचे ठरवले होते. सतरा शून्ये आणि एक असे अठरा आकडे त्या ओळीत मावेनात, म्हणून त्यांनी ती ओळ समासातून पुढे, पानाच्या कडेपर्यंत नेली आहे.